वर्गाच्या वर्गणीतून नीतीचा तास

डिसेंबर लागला की गोव्यात स्नेहमेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. आखातातली, लंडनची, बोटीवरची मंडळी नाताळच्या सुट्टीत घरी येतात आणि पंचवीस वर्षांपूर्वी एका वर्गात बसलेले लोक पुन्हा एका हॉलमध्ये जमतात. हॉल, जेवण, फोटो यांचा खर्च भागून थोडे पैसे उरतात. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न येतो, ‘कॉलेजला काय द्यायचं?’ पाण्याचा कूलर, पंखे, प्रोजेक्टर, एखाद्या गरजू मुलाची फी, अशी उत्तरे पटापट येतात. पण एखाद्याने ‘नीतिशिक्षणासाठी निधी देऊया’ असे लिहिले, तर बराच वेळ कुणी काही बोलत नाही. द्यायचे म्हणजे नेमके काय, पैसे कशावर खर्च होणार, आणि नीती ही पैसे देऊन शिकवण्याची गोष्ट आहे का, हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

हा प्रश्न यापुढे जास्त वेळा येणार आहे. कॉलेजांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था माजी विद्यार्थ्यांचा सहभाग आणि त्यांचे आर्थिक पाठबळ हाही एक निकष धरते. त्यामुळे माजी विद्यार्थी संघांना कॉलेजांकडून अधूनमधून आमंत्रणे येतात. दुसरीकडे, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात मूल्यांशी निगडित विषयांना जागा मिळाली. वेळापत्रकात तास आला, पण त्या तासाला काय शिकवायचे आणि कोणी, हे अजून पुष्कळदा ‘बघूया’वर सोडलेले असते. बॅचच्या छोट्याशा देणगीचा सर्वांत मोठा उपयोग इथेच होऊ शकतो असे मला ठामपणे वाटते. फक्त ती देणगी नीट बांधून दिली पाहिजे.

बॅचने मिळून देणे म्हणजे काय?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत ही पद्धत जुनी आहे. येल विद्यापीठाचा माजी विद्यार्थी निधी १८९० साली सुरू झाला. तिथे माणूस कॉलेजचा म्हणून जेवढा ओळखला जातो तेवढाच ‘अमुक सालचा’ म्हणून ओळखला जातो. २५ किंवा ५० वर्षांनी बॅच जमते, एक उद्देश ठरवते आणि सगळे मिळून रक्कम उभी करतात. एकूण किती जमले याच्याइतकेच महत्त्व बॅचमधल्या किती जणांनी दिले याला असते.

आपल्याकडे आयआयटी मुंबईने ही प्रथा चांगली रुजवली. तिथल्या १९९८च्या बॅचने २०२३च्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात ५७ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. हा आकडा वाचून म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या एखाद्या कॉलेजच्या बॅचने दबून जायचे कारण नाही. नीतिशिक्षणाला इमारत लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. शिकवणाऱ्याचा वेळ लागतो आणि चर्चेला घेण्याजोगा, इथल्याच मातीतला मजकूर लागतो. या दोन्ही गोष्टी लाखांच्या हिशेबात बसतात.

नीतिशिक्षणासाठी माजी विद्यार्थ्यांनी पैसा देण्याची मोठी उदाहरणे आहेत. १९८७ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारातले गैरव्यवहार गाजत होते. तेव्हा त्या बाजाराच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष जॉन शॅड हेच होते. त्यांनी आपल्या जुन्या संस्थेला, हार्वर्ड बिझनेस स्कूलला, नीतिशिक्षणासाठी सुमारे २ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. १९९० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात मानवी मूल्यांच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले, ते १९३२च्या बॅचचे लॉरन्स रॉकफेलर यांच्या देणगीतून. कॉलेजात त्यांचा विषय तत्त्वज्ञान होता. ही दोन्ही कामे एकेका श्रीमंत माणसाची आहेत. बॅचच्या देणगीत तेच काम पुष्कळ हात मिळून करतात, आणि नीतीच्या विषयात हे जास्त शोभते असे मी म्हणेन. साठ जणांच्या पैशाला एक मालक नसतो, त्यामुळे तो पैसा कुणा एकाच्या नावाने मिरवत नाही आणि कुणा एकाचे ओझेही वर्गात आणत नाही.

मुद्दल तसेच, खर्च व्याजातून

इथे एकच पारिभाषिक शब्द समजून घ्यावा लागतो, तो म्हणजे कायम निधी. मुद्दल कधी मोडायचे नाही, दरवर्षी येणाऱ्या उत्पन्नातून ठरलेले काम चालवायचे. गोव्यातल्या माणसाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. आपल्या देवस्थानांत कुटुंबाच्या नावे ठेव ठेवून तिच्या व्याजातून दरवर्षी ठरलेल्या तिथीला अभिषेक करायची रीत आहेच. आजोबांनी ठेवलेल्या रकमेचा प्रसाद नातवाच्या घरी येतो. कॉलेजातला कायम निधी असाच चालतो.

त्या रीतीत एक अडचणही आहे, आणि ती इथेही लागू पडते. पूर्वी पाचशे रुपयांत कायमचा अभिषेक लिहून दिला जाई. आज त्या पाचशेच्या व्याजात एक नारळ येणेही कठीण. म्हणून सगळे व्याज खर्चून चालत नाही. साठ जणांनी प्रत्येकी १०,००० रुपये दिले तर ६ लाख होतात. ७ टक्के दराने वर्षाला ४२,००० रुपये येतील. त्यातले मुद्दलाच्या ४ टक्के, म्हणजे २४,००० रुपये खर्च करावेत आणि उरलेले १८,००० मुद्दलात टाकावेत. असे केले तर महागाई वाढली तरी निधी बऱ्यापैकी टिकून राहतो.

२४,००० म्हणजे फार नव्हे, हे खरेच. त्यामुळे प्रत्येक बॅचने आपला वेगळा, आपल्या नावाचा निधी काढण्यापेक्षा कॉलेजने एकच निधी उघडावा आणि बॅचमागून बॅच त्यात भर घालत जावी. पाच बॅचचे ३० लाख झाले की वर्षाला १,२०,००० रुपये हातात येतात. नावे सगळ्या बॅचची लिहावीत, हवी तर वर्गाच्या दारावर पाटी लावावी.

नीतीच्या तासाला शिकवतात तरी काय?

‘खरे बोलावे’ हे शाळेतच सांगून झालेले असते. कॉलेजातला नीतीचा तास वेगळ्या कामासाठी असतो. दोन्ही बाजूंनी काहीतरी योग्य वाटते, वरून दडपण आहे, वेळ कमी आहे, अशा वेळी निर्णय कसा घ्यायचा आणि तो शब्दांत कसा मांडायचा याचा तिथे सराव होतो.

समजा फर्मागुढीसारख्या ठिकाणी स्थापत्य अभियांत्रिकीचा वर्ग आहे. शिक्षकाने प्रत्येक बाकावर एक नकाशा ठेवला आहे. एका टेकडीचा, १:१००० प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर हा जमिनीवरचा १ मीटर. नकाशावर समान उंचीच्या रेषा आहेत आणि दर रेषेला उंची २ मीटरने वाढते. दोन रेषांतले अंतर पट्टीने मोजले तर ६ मिलिमीटर भरते. ६ मीटर पुढे जाताना २ मीटर चढ, म्हणजे उतार ३३ टक्के. आपल्याकडे २५ टक्क्यांहून तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नसते. आता शिक्षक सांगतात, की तुम्ही नोकरीला लागून आठ महिने झालेले सर्वेक्षक आहात. साहेब म्हणतात, ‘ह्या रेषा जरा मोकळ्या काढ, पावसाआधी प्लॅन द्यायचा आहे.’ त्याच रेषा ९ मिलिमीटरवर काढल्या की उतार २२ टक्के होतो. तीन मिलिमीटरचा फरक. टेकडी आहे तिथेच आहे, पण कागदावर ती बांधकामाला मोकळी झाली.

आता वर्गात बोलायला सुरुवात होते. मोजणीत थोडी चूक होतच असते ना, मग ही चूक आणि खोटेपणा यांच्यातली सीमा कुठे? टेकडीखालच्या वाड्यावरच्या विहिरीचे काय, तिथल्या लोकांना विचारायला कोण जाणार? सही माझी, पण आदेश साहेबांचा, तर जबाबदारी कोणाची? नोकरी गेली तर घराचा हप्ता कोण भरणार? हा शेवटचा प्रश्न एखादा मुलगा विचारतोच आणि तो हसण्यावारी न्यायचा नसतो. शिक्षक मग विद्यार्थ्यांना साहेबांना लिहायचे दोन ओळींचे उत्तर लिहायला लावतात. उद्धट नाही, लाचार नाही, आणि नोंद राहील असे. मुले तीन-चार वेळा लिहून खोडतात, कारण नकार देण्याची भाषा त्यांना कुणी शिकवलेलीच नसते.

असा एक नकाशा, त्याबरोबरची चार पानी हकिकत, शिक्षकासाठी टिपण, हे सगळे तयार करायला एखाद्या प्राध्यापकाची अख्खी सुट्टी जाते. शेतजमीन, खाण, किनारा, इस्पितळ, पंचायत, बँक अशा इथल्या विषयांवर मराठीत आणि कोकणीत अशा हकिकती हव्यात. परदेशी पुस्तकातल्या कंपन्यांच्या गोष्टी वाचून आपली मुले मान डोलावतात, पण त्या त्यांना स्वतःच्या वाटत नाहीत. बॅचच्या निधीतला पहिला पैसा मी इथे घालीन.

व्याख्यानावर मात्र सुरुवातीला खर्चू नये. व्याख्यानमाला भरवण्याची आपल्याला चांगली सवय आहे. पणजीला कोसंबी विचार महोत्सव २००८ पासून गर्दी खेचतो आहे आणि ते फार मोलाचे काम आहे. पण श्रोता ऐकून घरी जातो. नीतीच्या तासाला विद्यार्थ्याने स्वतः तोंड उघडावे लागते, चुकावे लागते, दुसऱ्याचे ऐकून मत बदलावे लागते. त्यासाठी वीस-पंचवीस मुलांचा छोटा गट आणि घाईत नसलेला शिक्षक हवा.

‘हे तर अभ्यासक्रमात आधीच आहे’

आहे, आणि ते चांगलेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ पासून पीएचडी करणाऱ्यांना संशोधन आणि प्रकाशन यांच्या नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. एमबीबीएसला त्याच वर्षापासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. वकिलीच्या पदवीला व्यावसायिक नीतीचा पेपर असतोच.

पण हे सगळे विशिष्ट वाटांवरचे आहे. बी.कॉम. करून लेखापालाकडे कामाला लागणारी मुलगी, बी.एस्सी. करून औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणारा मुलगा, बी.ए. करून पंचायतीत कारकून होणारा, यांच्या वाट्याला बहुधा एक सर्वसाधारण पुस्तिका आणि एक लेखी परीक्षा येते. नियमाने तास ठेवता येतो, त्या तासाचा दर्जा ठरवता येत नाही. बॅचचा पैसा दर्जासाठी आहे.

सरकारने का देऊ नये, असेही कुणी म्हणेल. सरकार देतेही. गोवा विद्यापीठात कला आणि संस्कृती खात्याच्या पाठबळावर डी. डी. कोसंबी, बाकीबाब बोरकर यांच्या नावांची अध्यासने चालतात आणि बाहेरचे विद्वान तिथे येऊन शिकवतात. पण सरकारी अनुदानाला वर्षाची कालमर्यादा असते, ठरावीक शीर्षके असतात. कॉलेजच्या एका शिक्षकाला हकिकत लिहायला उन्हाळ्याचे दोन महिने द्यायचे, हे कुठल्याही शीर्षकात बसत नाही.

‘शिकवून माणूस प्रामाणिक होतो का?’

सर्वांत जड आक्षेप हाच आहे. सरळ उत्तर द्यायचे तर, ज्याने लबाडी करायची ठरवलीच आहे तो एका अभ्यासक्रमाने सुधारणार नाही. घरातले संस्कार, पगार, वरिष्ठांचे वागणे, शिक्षा होण्याची शक्यता, या सगळ्यांचा परिणाम तासापेक्षा मोठा आहे.

मग उपयोग कोणाला? ज्यांची नियत साफ आहे पण जे अडखळतात त्यांना, आणि अशीच माणसे जास्त असतात. पुष्कळ चुका अशा होतात, की करणाऱ्याला हा नीतीचा प्रश्न आहे हेच त्या क्षणी जाणवत नाही. आपल्याच मेव्हण्याच्या कंपनीची निविदा तपासायला बसलेल्या माणसाला वाटते, मी तर प्रामाणिकपणेच तपासतोय. निर्णय घेणाऱ्याचा स्वतःचा किंवा घरच्यांचा लाभ त्या निर्णयात गुंतलेला असला, की त्याने आधी तसे सांगायचे आणि बाजूला व्हायचे असते. ही साधी रीत आहे, पण कुणी दाखवल्याशिवाय सुचत नाही. गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे प्रत्येक जण कुणाचा तरी नातेवाईक, वर्गमित्र किंवा वाड्यावरचा असतो, तिथे तर ती रोज लागते.

गोव्यात हे जास्त निकडीचे का?

२०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला आणि खाणी थांबल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ट्रकमालकापासून चहावाल्यापर्यंत किती घरांची चूल त्यावर होती हे सांगे, सत्तरी, डिचोलीत कुणालाही विचारावे. २०२२ मध्ये बनावट कागदपत्रांनी जमिनी लाटल्याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या, की सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायाधीशांचा आयोग नेमावा लागला. कोण दोषी हे न्यायालये ठरवतील. मला वेगळे दिसते. खाणीच्या परवान्यापासून जमिनीच्या विक्रीखतापर्यंत प्रत्येक फायलीत शिकलेल्या माणसाची सही असते. भूगर्भतज्ज्ञाची, सर्वेक्षकाची, वकिलाची, नोटरीची, लेखापालाची. यातली कितीतरी माणसे इथल्याच कॉलेजांतून बाहेर पडतात. अशा सहीच्या वेळी थांबून विचार करण्याचा सराव एखाद्याला विसाव्या वर्षी मिळाला, तर त्याचा लाभ एखाद्या गावाला होतो.

पासपोर्ट कोणता, हे आधी विचारा

गोव्यातल्या बॅचला हमखास आडवी येणारी ही गोष्ट, आणि मेळाव्याच्या उत्साहात कुणाच्या ध्यानात येत नाही.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळण्याची वाट आहे आणि अनेकांनी ती धरली. भारतीय कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. मग हाच जुना वर्गमित्र, जो कालपर्यंत शेजारच्या बाकावर बसायचा, परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१०च्या कायद्याच्या दृष्टीने ‘परदेशी स्रोत’ ठरतो. त्याच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड, असले तरी फरक पडत नाही. त्याचे पैसे घ्यायला संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात.

उलट दुबईत वीस वर्षे नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला मित्र आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो तेव्हा ती परदेशी देणगी धरली जात नाही. म्हणजे माणूस कुठे राहतो यावर काही ठरत नाही, नागरिकत्वावर ठरते. म्हणून यादी करतानाच एक रकाना पासपोर्टचा ठेवावा. विचारायला अवघड वाटले तरी विचारावे. ‘तू माझ्या नावावर टाक, मी पुढे देतो’ हा उपाय कुणी सुचवेल, तो मुळीच करू नये. नीतिशिक्षणाच्या निधीची सुरुवात अशा पळवाटेने झाली तर मुलांना काय सांगणार? कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगकडून तपासणी होणाऱ्या काही संस्थांना या कायद्यातून सूट आहे. आपली संस्था त्यात बसते का, हे लेखा विभागाला लेखी विचारून घ्यावे.

आयकराबद्दल थोडक्यात: संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) मान्यता असेल तर जुन्या करपद्धतीत देणगीवर सवलत मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्यावर तर ती मिळतच नाही. त्यामुळे मेळाव्याच्या टेबलावर पाकिटे गोळा न करता थेट संस्थेच्या खात्यात भरावे आणि पावती घ्यावी.

‘पैसे देणारा उद्या हुकूम सोडेल’

ही भीती रास्त आहे. बॅचमधला एखादा आज मोठा बिल्डर असेल आणि टेकडीचा नकाशा वर्गात नको म्हणेल. एखादा राजकारणात असेल. देवस्थानात ठेव ठेवणारा तिथी सांगतो, मंत्र कुठले म्हणायचे ते सांगत नाही. इथेही उद्देश देणाऱ्याने ठरवावा आणि शिकवणे शिकवणाऱ्यावर सोडावे.

हे तोंडी ठरवून भागत नाही. संस्था आणि बॅच यांच्यात दोन पानांचा लेखी करार हवा. शिक्षकाची निवड, वाचायचा मजकूर आणि गुण यांत देणगीदाराचा शब्द चालणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे. खर्च ठरवायला छोटी समिती असावी. तिच्यात प्राध्यापकांचे बहुमत, बॅचचा एखादा प्रतिनिधी आणि एक विद्यार्थी असावा. कुणा एकाची रक्कम एकूण निधीच्या दहाव्या हिस्स्याहून जास्त नको, अशी मर्यादा घातली तर आणखी चांगले. दरवर्षी जूनमध्ये हिशेब आणि त्या वर्षी वर्गात घेतलेल्या हकिकतींची यादी बॅचला पाठवावी.

आणि एक कलम सगळे विसरतात. अभ्यासक्रम उद्या बंद झाला, विषय बदलला, कॉलेज दुसऱ्या विद्यापीठाला जोडले गेले, तर या पैशाचे काय? जुन्या कितीतरी देणग्या अशाच पडून राहतात, कारण देणारे गेले आणि कागदावर दुसरा पर्याय नव्हता. ‘मूळ उद्देश शक्य नसल्यास त्याच्या सर्वांत जवळच्या शैक्षणिक कामासाठी, समितीच्या ठरावाने’ एवढे वाक्य पुरते. कराराची एक प्रत प्राचार्यांकडे, एक लेखा विभागात आणि एक बॅचमधल्या अशा कुणाकडे ठेवावी, जो गोव्यातच राहतो आणि ज्याचा फोन सगळे उचलतात.